भुरका

टोकियोच्या एडोगावा भागात माझा मुलगा नोकरीनिमित्त राहतो. 2023 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या घराजवळच्या गल्लीत रामेनचे एक लहानसे दुकान आहे. एका रांगेत आठ-नऊ उंच स्टुले, समोर आचारी, दारापाशी पैसे टाकून चिठ्ठी घेण्याचे यंत्र. चिठ्ठी पुढ्यात ठेवायची, थोड्या वेळात वाडगा येतो, खायचे आणि उठायचे. मागे भिंतीला टेकून माणसे आपल्या पाळीची वाट पाहत असतात. खाणावळीत बसलेल्याला हे काही परके वाटू नये.

रामेन म्हणजे कढत रश्श्यातल्या गव्हाच्या शेवया. पीठ मळताना आपल्या पापडखाराच्या जातीचा एक क्षार घालतात, त्याने शेवयांना पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. पदार्थ मूळचा चिनी. 1910 साली टोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन नावाचे दुकान निघाले, तिथून तो शहरात रुळला. पुष्कळ दिवस त्याला ‘चिनी सोबा’च म्हणत. आता जपानी माणूस त्याला आपला म्हणतो, आणि सीमेवर राहणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही.

नवल वाटले ते आवाजाचे. दुकानात बोलणे जवळजवळ नव्हते. जो तो वाडग्यात मान घालून भुरके मारत होता. शेजारी टाय लावलेला, माझ्याच वयाचा गृहस्थ, पलीकडे दोन कॉलेजच्या मुली. सगळ्यांचा एकच सूर. मुलगा म्हणाला, “बाबा, ओढून खा. वाऱ्याबरोबर शेवई निवते, वासही कळतो. रेंगाळलात तर रश्श्यात फुगून लिबलिबीत होईल.” कारण पटले, पण ओठ ऐकेनात. पन्नास वर्षांची सवय! मी एकेक शेवई मुकाट्याने चावत राहिलो. सगळ्यांचे वाडगे रिकामे झाले, माझ्या शेवया फुगल्या, मागची माणसे तिष्ठत उभी. त्या दुकानात बेशिस्त असा एकटा मीच होतो.

आचाऱ्याने न बोलता एक छोटी वाटी आणि काटा माझ्यापुढे सरकवला. आणि मला एकदम बदामीची सहल आठवली.

सन 1997. मी तेव्हा सहायक शिक्षक होतो. बदामी-ऐहोळेला आठवीची मुले नेली होती. रात्री पंगतीत सार-भात वाढला. एका मुलाने वाटी तोंडाला लावून मोठा भुरका मारला. घरी कानडी बोलणारा मुलगा, आईच्या हट्टाने मराठी शाळेत घातलेला. मी वाढता वाढता म्हणालो, “काय रे, तुमच्यात असंच जेवतात का?” पंगत हसली. मीही हसलो. पुढचे दोन दिवस तो मुलगा पंगतीला बसला नाही; गाडीत बसून केळी आणि चिवडा खात राहिला. मी विचारले तेव्हा म्हणाला, “पोट बरं नाही, सर.”

आवाज करू नये हे मी शिकवले ते चुकले, असे मला आजही वाटत नाही. उद्या हा मुलगा पुण्याला मुलाखतीला जाईल, चारचौघांत जेवेल. तिथली रीत त्याला ठाऊक हवी. ‘देश तसा वेश’ म्हणून शिक्षकाने हात झटकायचे नसतात. जपानी माणूस तरी कुठे झटकतो? भातात काड्या उभ्या खोचल्या तर तिथे घरातली मंडळी दचकतात, कारण तसा भात मृताच्या नावाने ठेवतात. रीत सगळीकडे आहे. मग माझे चुकले कुठे?

पाली वाङ्मयात विनयपिटक आहे. भिक्षूंच्या जेवणाच्या नियमांत ‘चपुचपु’ आवाज करू नये, ‘सुरुसुरु’ आवाज करू नये असे दोन स्वतंत्र नियम आहेत. (जपानीत याच आवाजाला ‘झुरुझुरु’ म्हणतात!) दुसऱ्या नियमाची कथा कौशांबीची. एका ब्राह्मणाने संघाला दूध दिले, भिक्षू ते सुरुसुरु पिऊ लागले. त्यांतला एक पूर्वाश्रमीचा नट म्हणाला, सगळा संघ गारठलेला दिसतो! एम.ए.ला असताना हा भाग वाचला तेव्हा विनोद तेवढा लक्षात राहिला. परत आल्यावर पुस्तक काढून पाहिले. बुद्धांनी आधी कानउघाडणी केली ती त्या नटाची, संघाची थट्टा केल्याबद्दल. भुरक्याचा नियम त्यानंतर.

हा क्रम मला त्या वयात दिसला नव्हता. शिवाय भिक्षू संघात स्वतःहून आलेला असतो. त्या मुलाने आमची पंगत कुठे निवडली होती? त्याच्या भुरक्याने शेजाऱ्याला काही त्रास झाला नव्हता. ‘हळू पी, बाळ’ एवढ्याने भागले असते. ‘तुमच्यात’ हा शब्द मी कोणासाठी घातला? आपल्याकडे तो सहज येतो, दोन्ही भाषांत येतो, आणि बोलणाऱ्याला त्याचे वजन कळत नाही.

मग वाटते, तो आचारी तरी माझ्याविषयी काय समजला असेल? वाटी-काटा ही माया होती, की ‘यांच्यात असेच खातात’ हा शेरा? त्याच्या चेहऱ्यावरून मला ठरवता आले नाही.

तो मुलगा आता गावातच आहे, हार्डवेअरचे दुकान चालवतो. भेटला की “नमस्कार सर” म्हणतो. माफी मागावी असे अनेकदा मनात आले. पण तो विसरला असेल तर जुनी खपली काढायची ती त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे सुटत नाही. गेल्या वर्षी त्याने वास्तुशांतीला बोलावले. पंगतीत माझ्या शेजारी त्याचा धाकटा बसला होता. सार आले. पोराने वाटी उचलून सणसणीत भुरका मारला. बाप वाढत होता. त्याने मुलाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

मी घाईने वाटी उचलली आणि ओढून प्यायला गेलो. ठसका लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलो. त्याने सारेचे भांडे खाली ठेवले आणि तांब्या घेऊन आला.