पाहण्याचे ऋण

एखादी वस्तू आपण केवळ पाहिली, तर तिचे काही देणे लागतो काय? सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी पाहत हिंडताना आम्हांला हा प्रश्न कधी पडला नाही. तो पडला मालवणच्या समुद्रात.

मे महिन्याच्या सुटीत आलेल्या भाच्याला घेऊन आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ वाढलेले आहे. पोहता न येणाऱ्यालाही तोंडात हवेची नळी धरून, प्रशिक्षकाच्या आधाराने ते पाहता येते. होडीतून कोणी बिस्किटे टाकली, मासे गोळा झाले, छायाचित्रे निघाली. भाचा वर आला तो मूठ आवळून. मुठीत प्रवाळाचा तुकडा होता. प्रशिक्षक तरुणाने काही न बोलता तो काढून घेतला आणि पाण्यात सोडला.

"पण मामा, तुमच्या कपाटात असाच तुकडा आहे ना?" भाच्याने विचारले. आम्ही निरुत्तर झालो. तो तुकडा आम्ही तरुणपणी याच किनाऱ्यावरून आणला होता. प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. आमचा तुकडा त्यापूर्वीचा. कायद्यापुढे हे उत्तर कदाचित चालेल, मुलापुढे चालेना.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. असंख्य चिमुकले जीव चुन्याचे घर बांधीत राहतात आणि त्यांच्या देहात वसणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न व रंग देते. समुद्र फार तापला की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ पासून जगातील समुद्रांवर हे संकट वारंवार आले आहे. येथील गोलसर, दगडासारखी दिसणारी प्रवाळे तर वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. आधीच पोळलेल्या अशा जीवावर होडीचा नांगर पडला, हौशी माणसाचा पाय पडला, तर क्षणात मोडलेले भरून यायला वर्षे लागतात.

मग पाहूच नये काय? तसे आम्हांला वाटत नाही. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा पोटापाण्याच्या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला होता. आज त्यांच्यातील कित्येक तरुणांची चूल पर्यटनावर पेटते. शिवाय जे कधी पाहिलेच नाही, त्याची काळजी माणूस सहसा करीत नाही.

परंतु तिकिटाच्या पैशांत आपण होडी आणि नळी भाड्याने घेतो, प्रवाळ नव्हे. चितारआळीत खेळण्याची किंमत मोजताना आपण कारागिराच्या दिवसांचे मोल देतो. प्रवाळाने आपल्या वर्षांचे मोल कोणाकडे मागावे? ते संयमानेच फेडावे लागते. नांगर कोठे टाकणार, हे होडीत बसण्यापूर्वी विचारावे. माशांना खाऊ घालू नये. प्रवाळावर पाय टेकू नये. "माझ्या एकट्याने काय होणार?" असे प्रत्येक पाहुणा म्हणतो, आणि पाहुणे तर रोज येतात.

परतल्यावर आम्ही कपाट उघडले. तो तुकडा आता कोणत्याही खडकाला पुन्हा जोडता येणार नाही. भाच्याला जवळ बसवून आम्ही एवढेच सांगितले, "हा आम्ही आणला, ते चुकले." हे वाक्य उच्चारायला आम्हांला फार वर्षे लागली.