हिरवळीची किंमत कोणी मोजायची?

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स विल्यम काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाची एक सभा सलग २७ तास चालली. पेजलँड लेन नावाच्या दोनपदरी रस्त्यालगतची सुमारे २,१०० एकर जमीन, म्हणजे शेतं, कुरणं आणि विखुरलेली घरं, डेटा सेंटरसाठी खुली करायची की नाही, हा विषय होता. शेकडो नागरिक बोलायला आले होते. रात्र उलटून सकाळ झाली तरी आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहत माणसं बसून होती. काउंटीच्या नियोजन आयोगाने आधीच प्रतिकूल शिफारस केली होती. मंडळाची मुदत महिनाअखेर संपत होती आणि अध्यक्षा पक्षांतर्गत निवडणुकीत याच वादाच्या वाऱ्यात हरल्या होत्या. तरीही ४ विरुद्ध ३ अशी मंजुरी मिळाली. एक सदस्य तटस्थ राहिला.

काउंटी हा साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक, पण कोणत्या जमिनीवर काय उभं राहील हे तिथे काउंटीतच, निवडून दिलेल्या मंडळाच्या मतदानाने ठरतं. आपल्याकडे विकास आराखड्याच्या फाईली मंत्रालयात जातात आणि कधी परततात ते कळत नाही. तिथला निर्णय करणारा माणूस शेजारच्याच रस्त्यावर राहतो, त्यामुळे नागरिकांच्या संघटनेला तिथे खरं बळ असतं. या काउंटीतल्या संघटनांनी ते पूर्वीही दाखवलं आहे. पेजलँड लेन मनासस राष्ट्रीय युद्धभूमीला लागून जाते. तिथे १८६१ आणि १८६२ साली यादवी युद्धातल्या दोन मोठ्या लढाया झाल्या. १९८८ मध्ये या युद्धभूमीला खेटून प्रचंड मॉल येणार होता, तो स्थानिकांनी देशभर आवाज उठवून थांबवला. १९९३ मध्ये डिस्नेने हेमार्केट गावाजवळ इतिहासावर आधारलेलं करमणूक उद्यान जाहीर केलं, आणि रहिवासी व नामवंत इतिहासकारांच्या विरोधामुळे १९९४ च्या सप्टेंबरात ते मागे घेतलं.

या वेळीही रहिवासी कोर्टात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ही मंजुरी मुळातच रद्दबातल ठरवली. जाहीर सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने आणि अंतराने छापली गेली नव्हती, हे कारण होतं. आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ मागवणाऱ्या बारीक टायपातल्या जाहिराती कोणी वाचत नाही. तशाच एका जाहिरातीवर अब्जावधी डॉलरचा प्रकल्प अडकला. पुढे अपिलं झाली. या निकालाचा मला आनंद आहे. लोकांना वेळेवर कळवणं हा उपचार नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण संघटनेने याला विजय समजून थांबू नये, असं मला वाटतं. सूचना पुन्हा नीट छापता येते. जमीन तीच राहते, तिचे मालक तेच राहतात आणि तिच्यावरून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्याही तिथेच राहतात. त्या वाहिन्यांमुळेच तर ही जमीन डेटा सेंटरवाल्यांच्या डोळ्यांत भरली.

या प्रकरणात मला सर्वाधिक बोचणारी गोष्ट म्हणजे, जमीन विकायला निघालेल्यांत बाहेरचे सट्टेबाज थोडे होते. बहुतेक जण तिथेच वर्षानुवर्षं राहिलेले. त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. १९९८ मध्ये काउंटीने सुमारे ८० हजार एकरांचा ‘रूरल क्रेसेंट’, म्हणजे ग्रामीण चंद्रकोर, आखला. या पट्ट्यात दहा एकरांमागे एकच घर बांधता येणार होतं. धोरण उत्तमच होतं. वॉशिंग्टनपासून फुगत येणारी वस्ती कुठेतरी थांबवायलाच हवी होती. पण त्या बंधनाचा भार उचलला पट्ट्यातल्या जमीनदारांनी आणि हिरवळ उपभोगली सीमेवरच्या नव्या वसाहतींनी. या वसाहती काल-परवापर्यंत शेतंच होत्या. डिस्नेने सोडलेल्या जागेच्या काही भागावरही पुढे गोल्फ मैदानासकट घरांची मोठी वसाहत झाली. उत्तर व्हर्जिनियातल्या अशा वसाहतींत भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, मराठीही आहेत. घर घेताना मागची मोकळी शेतं दाखवून एजंट भाव सांगतो. त्या भावातला एक पैसाही शेतवाल्याला जात नाही.

मग पेजलँडच्या शेतांवरून वीजवाहिन्या गेल्या, रस्त्यावरची रहदारी वाढली, एका मोठ्या महामार्गाचा बेतही त्याच बाजूने आखला गेला. ग्रामीण म्हणून राखलेल्या जागेचं ग्रामीणपण असं कुरतडलं जात असताना मालकांवरचं बंधन मात्र कायम होतं. अशात एकरी दहा लाख डॉलरच्या आसपास भाव देणारे दारात आले. डेटा सेंटरला विरोध करणाऱ्या एका पर्यवेक्षकानेही शेजाऱ्यांपाठोपाठ स्वतःची जागा प्रकल्पात दिली, त्यावरून गदारोळ झाला आणि त्याला पद सोडावं लागलं. लोक त्याला फितूर म्हणाले. मला त्यात निराळं काही दिसतं. हिरवा पट्टा टिकवण्याची किंमत एकाच बाजूने मोजायची असेल, तर ती बाजू कधी ना कधी उठून जाणारच.

पोटोमॅक नदीपलीकडे, मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने हे आधीच ओळखलं होतं. १९८० मध्ये तिने सुमारे ९३ हजार एकर शेतीसाठी राखले आणि बंधन तर अधिकच कडक घातलं: २५ एकरांमागे एक घर. पण त्याच वेळी शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक बांधकाम-हक्क दिला. तो स्वतःच्या शेतावर वापरता येत नाही, मात्र जिथे दाट वस्ती हवी आहे तिथल्या बांधकाम व्यावसायिकाला विकता येतो. तो विकला की शेतावर कायमचा करार नोंदवला जातो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे लगेच उमजेल, कारण टीडीआर तो हाच. या मार्गाने तिथली ५० हजारांहून अधिक एकर जमीन कराराने बांधली गेली. वाढ थांबली नाही. ती कुठे व्हावी हे ठरलं, आणि जिथे ती झाली तिथल्या नफ्याने शेतं राखली.

याला दोन आक्षेप येतात. जमिनीचा वापर ठरवणं हा सरकारचा अधिकार आहे, त्याची भरपाई कशाला, हा पहिला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, आणि एकरी दहा लाखांचा भाव शेतकऱ्याच्या घामातून आलेला नाही हेही खरं. तो वीजवाहिन्यांनी आणि मंडळाच्या एका मतदानाने जन्माला घातला. तेव्हा तेवढी भरपाई कोणी मागत असेल तर मीही नाही म्हणेन. दुसरा आक्षेप जड आहे: डेटा सेंटरच्या भावापुढे कोणताही टीडीआर तोकडाच पडेल. हो, आज पडेल. म्हणूनच असे हक्क भाव चढण्याआधी विकत घ्यायचे असतात. १९९८ मध्ये ही जमीन जमिनीच्याच भावात होती. तेव्हा बंधनासोबत मोबदला देऊन करार नोंदवले असते, तर २०२२ मध्ये मंडळाने या जमिनीसाठी काउंटीचा आराखडा बदलला, त्यातून त्याला काय मिळालं असतं? एका मताने आराखडा बदलतो, नोंदलेला करार तसा बदलता येत नाही. १९८८ चा मॉल थांबला तो शेवटी अमेरिकी काँग्रेसने ५४२ एकर संपादित केले म्हणून, आणि त्यासाठी केंद्राला दहा कोटी डॉलरहून अधिक मोजावे लागले. उशिरा घेतलेली हिरवळ अशी महाग पडते.

पर्यवेक्षकांनाही मी केवळ कंपन्यांचे दलाल म्हणणार नाही. घरं वाढली की शाळा लागतात आणि शाळेला पैसा लागतो. डेटा सेंटर कर भरतं आणि एकही मूल शाळेत पाठवत नाही. शेजारच्या लाउडन काउंटीची तिजोरी याच कराने भरली आहे. ज्या रहिवाशाला कर कमी, शाळा उत्तम आणि खिडकीबाहेर शेतही हवं आहे, तोच मंडळाला या सौद्याकडे ढकलत असतो.

पुण्यातही वेगळं काय झालं? महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. ते टिकावं म्हणून शहरातल्या नागरिकांनी चिकाटीने लढा दिला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मोबदल्याचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला, आठ टक्के टीडीआर जागामालकांना पटला नाही, आणि दरम्यान गुंठेवारीची घरं उतारांवर चढत राहिली. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा मंडळींनी आरक्षणासाठी सह्या दिल्या. मोबदल्यासाठी मालमत्ता कर वाढवा, अशी मागणी आम्ही केल्याचं मला आठवत नाही.

प्रिन्स विल्यममधल्या संघटनांपुढे आता हाच प्रश्न आहे. दर वसंतात काउंटीचा अर्थसंकल्प ठरतो, त्यावर सुनावणी होते, आणि घराच्या दर शंभर डॉलर किमतीमागे किती कर घ्यायचा हे तिथे ठरतं. २७ तास बसून ‘नको’ म्हणणाऱ्यांनी त्या सुनावणीतही नाव नोंदवावं, आणि उरलेल्या शेतांचे हक्क विकत घेण्यासाठी एखादा सेंट वाढवा, असं स्वतःच्या घराच्या बिलावर बोट ठेवून सांगावं. ते ऐकायला पेजलँडचे शेतकरीही सभागृहात आले, तर पुढचा दलाल दारात येईल तेव्हा त्यांच्याजवळ निवडायला दुसरं काहीतरी असेल.