वळण लावणाऱ्याचे कर्तव्य



आमच्या क्रेगीबर्नच्या नव्या वस्तीत घरांची अंगणे लहान. वड-चिंच लावायला जागा नाही. म्हणून काही हौशी मंडळी उथळ कुंडीत बोन्साय वाढवतात. पाहुणे ते पाहून हमखास विचारतात, “जे झाड आभाळाला भिडायचे, त्याला वीतभर ठेवणे हा छळ नव्हे काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

शोफेतीमच्या पाराशात आज्ञा आहे की, नगराला वेढा घातला तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये (अनुवाद २०:१९). तीवरून आपल्या हाखामांनी कोणत्याही वस्तूचा विनाकारण नाश करण्यास मनाई केली. मग बोन्साय हा नाश आहे काय? या झाडाची जात वेगळी नसते. दोन-तीन वर्षांनी मुळे छाटून माती बदलतात, फांद्यांना तार गुंडाळून वळण देतात. पाने लहान होतात. परंतु डाळिंबाचे फूल नेहमीएवढेच उमलते. नीट जपलेले झाड शेकडो वर्षे जगते. तेव्हा केवळ लहान ठेवणे हा अन्याय नव्हे.

अन्याय वेगळाच आहे. जमिनीतले झाड पाण्याच्या शोधात मुळे खोल नेते. कुंडीतल्या झाडाची ती वाट आपणच बंद केलेली असते. येथे उन्हाळ्यात उत्तरेचा गरम वारा सुटला की उथळ कुंडी एका दिवसात कोरडी पडते. तार वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते व व्रण वर्षानुवर्षे राहतो. हौसेने छाटायचे आणि मग विसरून जायचे, हा खरा दोष. कात्री चालविण्याचा अधिकार रोज पाणी घालणाऱ्यालाच आहे.

आणि झाड तर माणसापेक्षा अधिक जगते! हिरोशिमाच्या यामाकी घराण्यातील एक पाइन १६२५ पासून बोन्साय म्हणून जोपासला गेला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा तो भिंतीआड असल्याने वाचला. १९७६ साली मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेलाच भेट दिला. आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. बाँबची हकिकत तेथील लोकांना कळली ती २००१ साली, यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. हात बदलले, देश बदलला. पाणी मात्र चुकले नाही.

मराठीत फांदीलाही वळण देतात आणि मुलांनाही वळण लावतात. परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपण शब्बाथ, मलिदा, घरची मराठी यांचे वळण लावतो. त्यात गैर काही नाही. परंतु एकदा बोलून, दटावून मोकळे होणे म्हणजे कात्री चालवून गावाला जाणे होय. रोज त्यांच्याजवळ बसावे, त्यांच्याशी बोलावे, आणि फांदी आपणहून वळण धरू लागली की तार सोडावी. तार सोडायला उशीर झाला तर वळणाबरोबर व्रणही राहतो.