खडकाचं आणि धुराड्याचं

उत्तर कॅनडातल्या यलोनाइफजवळचं एखादं लहानसं तळं मनापुढे आणा. वर्षातले बरेच महिने ते गोठलेलं असतं. बर्फाखाली पाणी, पाण्याखाली मऊ, काळसर गाळ. त्या गाळावर लक्ष टेकू द्या.

हा गाळ आला कुठून? काठावरच्या खडकांकडे वळा. अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्यांत सोन्याच्या सोबतीनं आर्सेनोपायराइट असतं, म्हणजे लोह, गंधक आणि आर्सेनिक. हिमयुगातल्या बर्फानं हे खडक जात्यात घातल्यासारखे भरडले. बर्फ ओसरला, भरड मागे राहिली. तिच्यातलं आर्सेनिक पाण्याबरोबर थोडंथोडं तळ्यात उतरतं. ‘विष’ हा शब्द ओठावर आला असेल, तर तो क्षणभर तिथेच थांबवा.

आता गाळात हळूच एक नळी उतरवा. वर अलीकडची वर्षं, खाली जुनी. गाळातलं किरणोत्सारी शिसे-210 दर 22 वर्षांनी निम्मं होतं. त्यावरून साधारण दीडशे वर्षांचे थर वाचता येतात. त्याच्याही खाली, खाण नव्हती त्या काळात जा. आर्सेनिक तिथेही आहे. इथे जरा रेंगाळा.

मग वर या. इथल्या जायंट नावाच्या खाणीत सोन्यासाठी खनिज भाजलं जाई, ते थेट 1999 पर्यंत. आर्सेनिक धुरातून तळ्यांवर उतरलं. धुरातून पकडलेली 2,37,000 टन विषारी भुकटी आजही जमिनीखाली आहे. हा दोष खडकाचा नव्हे.

पण थरही भोळेपणानं वाचू नका. खोलवर ऑक्सिजन नसतो. तिथे लोहाचा गंज विरघळतो, त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं, वर सरकतं आणि वरच्या थरात पुन्हा लोहाला बिलगतं. जुनं आर्सेनिक नव्या थरात दिसतं. कुणीही काही न टाकता.

म्हणून घाईनं निवाडा नको, आणि घाईनं सुटकाही नको. कॅनडात राहत्या वस्तीच्या मातीसाठी आर्सेनिकची सर्वसाधारण शिफारस किलोमागे 12 मिलिग्रॅमची. यलोनाइफसाठी मात्र 160 चा आकडा धरला गेला, कारण इथली जमीनच मुळात आर्सेनिकची. हे ‘मुळात’ ज्या मातीवरून ठरलं, तिच्यावर धूर किती बसला होता? या प्रश्नापाशी हवा तेवढा वेळ बसा.