एका नावाचे दोन धनी

आमच्या गावात एका नावाची माणसं चिक्कार. दोन तुकाराम असले तर एक मळ्यातला तुका, दुसरा वेशीवरचा तुका. नावापायी कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. कोर्ट लागलं ते बांधापायी. हातभर बांधासाठी दोन सख्खे भाऊ तालुक्याला तारखा करत म्हातारे झालेले मी पाहिलेत. बांधालगतचा तुकडा गेला वकिलाच्या फीत.

अमेरिकेत याच्या उलटं घडलं. कोलोरॅडोतला अ‍ॅडम एव्हरी आणि कॅलिफोर्नियातला विनी सिलुर्झो, दोघेही छोट्या कारखान्यात बिअर बनवणारे, एकमेकांचे दोस्त. दोघांच्याही एकेका बिअरचं नाव ‘साल्व्हेशन’, म्हणजे मुक्ती. वकील गाठायचं सोडून २००४ साली ते एकत्र बसले, दोन्ही बिअर मिसळून चाखल्या, मनाजोगतं प्रमाण ठरवलं. २००६ साली ते मिश्रण बाटलीत भरलं. ‘कोलॅबोरेशन, नॉट लिटिगेशन’ हे नाव सुचवलं सिलुर्झोच्या बायकोने, नॅटलीने. आपल्या बोलीत म्हणजे, कज्जा नको, भागी करू.

दारूचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण चाखण्याची रीत बघा. एव्हरीची बिअर सोनेरी, जर्दाळूच्या अंगाने जाणारी. सिलुर्झोची गडद, मनुकांच्या वळणाची. एक घोट याचा, मग पाण्याने तोंड साफ, मग घोट त्याचा. मिसळायचं तर दुसऱ्याचं आधी नीट चाखावं लागतं, आणि ‘तुझंही बरं आहे गड्या’ असं तोंडाने म्हणावं लागतं. बांधाच्या भांडणात नेमकं हेच कुणी करत नाही. दुसऱ्याची बाजू आपण वकिलाच्या तोंडून ऐकतो, आणि तीही खोडून काढण्यापुरती.

कुणी म्हणेल, नाव वाटून घेतलं तर घटत नाही, जमीन घटते. खरं आहे. शिवाय ते दोघे तोलामोलाचे होते. एकाच्या हाती पंचायत आणि दुसऱ्याच्या घरी चूल थंड, तिथे ‘मिटवून घ्या’ म्हणणं म्हणजे दुबळ्याला गप्प बसवणंच. त्याने कोर्टातच जावं.

म्हणून तडजोड चांगली की वाईट, हा सवालच अपुरा. तडजोडीनंतर दोघांचं आपापलं शिल्लक राहतं का, एवढं बघावं. त्या दोघांनी मिश्रण काढलं, पण त्यापायी आपापली ‘मुक्ती’ बनवणं तेव्हा सोडलं नाही. भागी म्हणायची ती हिलाच. एकाने दुसऱ्याला गिळलं, तर ती नुसती हार.