बरे झाले, हे कोणी ठरवावे?



थंडी ओसरू लागली, की आपल्या देशात कांजिण्यांचे दिवस येतात. शाळांच्या वार्षिक परीक्षा, लग्नसराई आणि पुनरुत्थानाचा सणही साधारणपणे त्याच सुमारास असतात. लेकराच्या अंगावर पुटकुळ्या उठल्या, की पहिले दोन-तीन दिवस घराचे सारे लक्ष त्याच्या तापाकडे व खाजेकडे असते. मग ताप उतरतो, मूल खेळू लागते, आणि आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहतो : याला आता शाळेत पाठवावे काय? वरवर पाहता हा प्रश्न डॉक्टरांचा आहे. परंतु त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. ज्याची सोय-गैरसोय निर्णयावर अवलंबून आहे, त्यानेच न्यायाधीशाच्या आसनावर बसावयाचे असेल, तर त्याने कशाच्या आधारे निवाडा करावा?

प्रथम वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल इतरांना रोग देऊ शकते, आणि शेवटच्या फोडावर कोरडी खपली धरेपर्यंत ते देत राहते. बहुतेक मुलांत यास पुरळ उठल्यापासून ५ ते ७ दिवस लागतात. काहींना अधिक लागतात. कांजिण्या एकाच वेळी उठत नाहीत, त्या टप्प्याटप्प्याने येतात. छातीवरचे फोड सुकत असताना केसांखाली किंवा काखेत नवे उमटत असतात. लस घेतलेल्या मुलाला पुष्कळदा थोडेसेच लाल ठिपके येतात व त्यांना पाणीही धरत नाही. अशा वेळी सलग २४ तासांत नवा ठिपका उठला नाही, म्हणजे संसर्गाची मुदत संपली असे मानतात.

याचा अर्थ असा, की आपण ज्या खुणांवर सहसा विसंबतो त्या या कामी अपुऱ्या आहेत. ताप उतरला ही मुलाच्या आरामाची खूण आहे, संसर्ग संपल्याची नव्हे. पाच दिवस झाले, हा केवळ अंदाज आहे. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी घालून न्हाऊ घातले, की आजार संपला असे अनेक घरांत समजतात. त्या स्नानाने मुलाला बरे वाटेल, पण शेवटच्या फोडाने खपली धरली की नाही हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यास उजेडात बसून लेकराचे अंग डोक्यापासून पायापर्यंत पाहावे लागते. निर्णय करावयाचा तो यावरून. मग पेपर कोणत्या विषयाचा आहे आणि आपली रजा किती उरली आहे, हे प्रश्न नंतरचे.

“कांजिण्या सर्वांनाच होतात, त्यात एवढे काय?” असे आपण म्हणतो. निरोगी लेकराच्या बाबतीत ते बहुधा खरेही असते. परंतु घरात ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत व ज्यांनी लसही घेतलेली नाही, अशा दहांपैकी नऊ जणांपर्यंत हा रोग पोहोचू शकतो, इतका तो वेगाने पसरतो. वर्गातील किंवा उपासनेतील बाकावर कोण बसले आहे, हे आपणांस ठाऊक नसते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे मूल, पूर्वी कांजिण्या न झालेली गर्भवती स्त्री, काही दिवसांचे तान्हे बाळ, यांच्यासाठी हाच आजार जिवावरचा ठरू शकतो. निरोगी मुलालाही तो क्वचित फार जड जातो. जपानी शास्त्रज्ञ मिचिआकी ताकाहाशी यांच्या तीन वर्षांच्या मुलास १९६४ साली अत्यंत तीव्र कांजिण्या झाल्या. त्या अनुभवानंतर त्यांनी या रोगावरील लसीचे संशोधन हाती घेतले व १९७४ साली ती लस जगापुढे ठेवली.

येथेच प्रश्नाचा नैतिक गाभा आहे. लेकराला दोन दिवस आधी पाठविल्याचा लाभ आपल्या डोळ्यांसमोर असतो : परीक्षा चुकत नाही, खाडा पडत नाही. त्यामुळे होणारी हानी मात्र दोन-तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच्या घरी, आपल्या नजरेआड होते. कोणी आपल्या दारी येऊन जाब विचारीत नाही. ज्याची हानी आपणांस कधी कळणार नाही, अशा अनोळखी माणसाचा विचार आपण करतो काय, यावर शेजारधर्माची खरी परीक्षा होते.

पवित्र शास्त्रातील लेवीयाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत हाच प्रश्न एका निराळ्या त्वचारोगाविषयी आला आहे. तेथे रोग्याने स्वतः निकाल द्यावयाचा नाही, आणि शेजाऱ्यांनीही नाही. याजकाने चट्टा प्रत्यक्ष पाहावयाचा आहे. संशय असेल तर सात दिवस थांबून पुन्हा पाहावयाचे, आणि गरज पडल्यास आणखी सात दिवस. पण तेवढ्यावर ती व्यवस्था थांबत नाही. बरा झालेल्या माणसाची पाहणी करण्यासाठी याजकानेच छावणीबाहेर जावयाचे आहे. माणसाला बाहेर ठेवण्याइतकेच त्याला परत आत घेण्याचेही कर्तव्य तेथे नेमून दिलेले आहे.

ही दुसरी बाजू आपण विसरतो. देवीच्या रोगात खपल्यांतूनही संसर्ग होई, म्हणून त्या गळून पडेपर्यंत रोग्यास वेगळे ठेवीत. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. कांजिण्यांच्या कोरड्या खपल्यांना तो नियम लावण्याचे कारण नाही. सर्व फोड सुकलेले असताना केवळ डाग दिसतात म्हणून लेकराला वर्गाच्या कोपऱ्यात बसविणे, शब्बाथशाळेत त्याच्यापासून दूर सरकणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला अकाली बाहेर पाठविणारा अनोळखी दुर्बलावर अन्याय करतो, तर विनाकारण बाहेर ठेवणारा त्या लेकरावर करतो.

कोणी विचारील, की पुरळ दिसण्याआधीच संसर्ग होत असेल, तर पुढे एवढी दक्षता कशाला? जे कोणालाच दिसत नव्हते, त्याचा दोष कोणत्याही आईच्या माथी मारता येणार नाही. पण पहिला फोड दिसला त्या क्षणापासून आपण जाणते होतो, आणि जाणत्याची जबाबदारी निराळी असते. आधीच्या दोन दिवसांत मूल कोठे कोठे गेले होते, तेथे ताबडतोब कळविणे हे तिचे पहिले अंग. संसर्ग झाल्याचे वेळेवर कळले, तर गर्भवती स्त्रीला किंवा दुर्बल रोग्याला डॉक्टरांकडून प्रतिबंधक उपाय करून घेता येतात. परंतु ते ठराविक दिवसांतच करावे लागतात. संकोचापोटी आपण गप्प राहिलो, तर ते दिवस आपण त्यांच्याकडून हिरावून घेतो. धाकटे भावंड निरोगी दिसत असले, तरी रोग अंगात शिरल्यापासून प्रकट होण्यास १० ते २१ दिवस लागतात. तेवढा काळ त्याला बाळंतिणीच्या खोलीत नेऊ नये.

अर्थात हा भार एकट्या आईवर टाकणे योग्य नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला “आणखी तीन दिवस घरी राहा” असे सांगणे सोपे आहे. त्या तीन दिवसांची मजुरी कोण देणार? ज्यांना पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या आहेत त्यांना त्या सहसा पुन्हा होत नाहीत. मंडळीतील अशी एखादी आजी दुपारभर त्या लेकराजवळ बसली, तर आईला खरे बोलणे परवडेल. शाळेनेही चुकलेला पेपर पुन्हा घेण्याची किंवा वेगळ्या खोलीत बसविण्याची सोय करावी. प्रामाणिकपणाची शिक्षा भोगावी लागणार असेल, तर माणसे आजार लपवितात.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी हा प्रसंग आला, तर लेकराला खिडकीपाशी उजेडात बसवा. केस बाजूला सारून, कानांमागे, काखेत, पाठीवर नीट पाहा. एकही फोड ओला असेल तर थांबा. शंका वाटली तर डॉक्टरांना दाखवा. सगळे कोरडे असेल, तर त्याच्या पाठीवर दप्तर चढवून त्याला निःशंक मनाने पाठवा, आणि दुसऱ्याचे लेकरू असे डाग घेऊन आले, तर त्याला आपल्या बाकावर जागा द्या.