सेरीन कुठे बसतं

जालना जिल्ह्यात कितीतरी घरांचा वर्षाचा हिशेब दोन अळ्यांवर ठरतो. एकीला शेडमध्ये तुतीचा पाला घालून, मुंग्यांपासून आणि उकाड्यापासून जपून वाढवतात. दुसरी कपाशीच्या बोंडात शिरली की घरातलं लग्न पुढे ढकललं जातं. पहिली रेशमाची अळी, दुसरी गुलाबी बोंडअळी. दोन्ही पतंगांच्याच कुळातल्या. पहिलीचे कोष विकायला इथल्या शेतकऱ्याला पूर्वी कर्नाटकात रामनगरमपर्यंत जावं लागे. 2018 साली जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली. दुसरीला रोखण्यासाठी देशात सर्वप्रथम आलेलं बियाणंही याच गावाशी बांधलेलं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको उभी केली, आणि बीटी कपाशीच्या ज्या तीन वाणांना 26 मार्च 2002 रोजी केंद्राची मान्यता मिळाली ते तिन्ही महिकोचे होते.

या दोन्ही अळ्यांची गोष्ट बाजारभाव, अनुदान आणि पंचनाम्यांच्या भाषेत बरीच सांगून झाली आहे. पेशीच्या रसायनशास्त्राच्या भाषेत ती कुणी सांगत नाही. शाळेत आपण शिकतो की प्रथिनं शरीराची वाढ करतात आणि विकरं पचनाला मदत करतात. हे खरंच आहे, पण एवढ्याने हाताला काही लागत नाही. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मी एका लहानशा पदार्थाच्या आधाराने मांडतो. त्या पदार्थाचं नाव सेरीन.

1865 साली एमिल क्रामर या रसायनशास्त्रज्ञाने रेशमाच्या धाग्यावरचा चिकट लेप घेऊन त्यातून सेरीन वेगळं काढलं. कोष गरम पाण्यात टाकल्यावर सुटतो तोच हा लेप. सेरीन हे प्रथिनं ज्यांची बनतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी एक. फक्त तीन कार्बनचा सांगाडा, आणि बाजूला एक ऑक्सिजन व एक हायड्रोजन यांची छोटीशी शेपटी. गवतापासून माणसापर्यंत प्रत्येक पेशी ते वापरते. आपलं शरीर ते स्वतः बनवूही शकतं. इतकं साधं, की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये.

आता रेशमाच्या धाग्यात ते काय करतं ते पाहू. धाग्याचा गाभा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याची मुख्य साखळी पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची, पण विविधता फार कमी. शंभरात सुमारे 45 ग्लायसीन, 30 अलॅनीन आणि 12 सेरीन. ग्लायसीन, अलॅनीन, ग्लायसीन, अलॅनीन, ग्लायसीन, सेरीन, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे तिन्ही घटक लहान आकाराचे असल्यामुळे साखळ्या एकमेकींना अगदी लगटून बसतात, जशा गंजी रचताना कडब्याच्या पेंढ्या एकावर एक चपखल बसाव्यात. पाण्यालाही आत शिरायला जागा उरत नाही. म्हणून रेशीम पाण्यात विरघळत नाही आणि जाडीच्या मानाने ओढ भरपूर सोसतं. इथे सेरीन स्वस्थ आहे. ते कशाला तोडत नाही, कशाशी झटत नाही. रांगेतली जागा धरून बसणं एवढंच त्याचं काम.

हा धागा येतो तुतीच्या पाल्यातून. शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत अळी इतकं खाते की शेडमध्ये पाला कुरतडल्याचा आवाज पावसासारखा ऐकू येतो. त्या पाल्यातली प्रथिनं तुतीची आहेत, तुतीच्या कामाची आहेत. अळीला ती तशीच्या तशी वापरता येत नाहीत. आधी ती तोडून सुटी अमिनो आम्लं करावी लागतात, मग रेशीमग्रंथीत ती नव्या क्रमाने जोडावी लागतात. तोडण्याचं काम आतड्यातली विकरं करतात आणि त्यांत ट्रिप्सिन व त्याच्या भावंडांचा वाटा मोठा. दोन अमिनो आम्लांमधला बंध नुसत्या पाण्यात, कुणाच्या मदतीशिवाय तुटायला शेकडो वर्षं लागतात. ट्रिप्सिन तो सेकंदाच्या अंशात तोडतं. विकर म्हणजे जे एरवीही घडलंच असतं, पण आपल्या आयुष्यात घडलं नसतं, ते वेळेत घडवणारं प्रथिन.

ट्रिप्सिनच्या शेकडो अमिनो आम्लांपैकी बंधावर प्रत्यक्ष हल्ला करणारं एकच. ते सेरीन.

धाग्यात स्वस्थ बसलेलं तेच सेरीन. फरक शेजाऱ्यांचा. ट्रिप्सिनची साखळी अशी घडी घालते की त्या एका सेरीनजवळ हिस्टिडीन येतं आणि हिस्टिडीनच्या पाठीशी ॲस्पार्टिक आम्ल. साखळीत हे तिघं एकमेकांपासून लांब आहेत. घडी पडल्यावरच जवळ येतात. हिस्टिडीन सेरीनच्या शेपटीतला हायड्रोजन ओढून घेतं, उघडा पडलेला ऑक्सिजन समोरच्या बंधावर तुटून पडतो. प्रथिन तापवलं की घडी विस्कटते, तिघं पुन्हा दूर होतात आणि विकराचं काम थांबतं. सेरीन मात्र जसंच्या तसं तिथेच असतं. जिवंतपणाचं सगळं रसायन मला याच एका गोष्टीत दिसतं: पदार्थाचे गुण पदार्थात जितके असतात तितकेच त्याच्या जागेत असतात. एखादा रेणू चांगला की वाईट हा प्रश्न अपुरा आहे. तो कुठे बसतो, शेजारी कोण आहे, किती आहे आणि किती दिवस टिकतो, हे विचारायला हवं.

बीटीच्या बाबतीत हेच विचारलं गेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचं नाव, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांनी 1911 साली पिठातल्या पतंगाच्या अळीतून तो शोधून थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव ठेवलं. पण त्याच्याही दहा वर्षं आधी, 1901 साली, जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी तो पाहिला होता, आणि तो मरणाऱ्या रेशीम अळ्यांमध्ये. जो जिवाणू रेशीमवाल्यांचं संकट म्हणून सापडला, त्याचाच एक जनुक शंभर वर्षांनी कापूसवाल्यांचा आधार म्हणून विकला गेला.

त्या जनुकावरून जे बनतं ते एक प्रथिन, क्राय1एसी. कपाशीच्या पाकिटावर बीटी ही दोन अक्षरं मोठी छापली गेली, पण आपण प्रथिन विकत घेतोय हे शेतकऱ्याला क्वचितच कुणी सांगितलं. जिवाणूत हे प्रथिन हजाराहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीचं असतं आणि ते स्फटिकाच्या रूपात निपचित पडून असतं. पतंगांच्या अळ्यांच्या आतड्यातला रस आपल्या जठरासारखा आम्लधर्मी नसतो, तो चांगलाच अल्कधर्मी असतो. तिथे स्फटिक विरघळतो. मग अळीचीच पाचक विकरं, तीच सेरीनवाली, जवळपास निम्मी साखळी कापून टाकतात. उरलेला भाग विषारी. तुतीचा पाला रेशमात बदलणारं काम आणि बोंडअळीला मारणारं काम एकाच घराण्यातली विकरं करतात. अळी आपल्या पचनाने मरते.

कापलेलं प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिनसारख्या विशिष्ट प्रथिनांना जाऊन चिकटतं, तिथे भोकं पाडतं, पेशी फुगून फुटतात. माणसाच्या जठरात आम्ल आहे, पेप्सिन आहे, आणि आतड्यात हे प्रथिन धरून ठेवणारी ती जागाच नाही. म्हणून तेच प्रथिन अळीला घातक ठरतं आणि आपल्यात पचून जातं. पुन्हा जागेचाच प्रश्न.

मात्र जागेवर अवलंबून असलेली गोष्ट जागा बदलली की कोसळते. कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड असलेली अळी लाखांत एखादी असते. तिच्यात क्राय1एसीला चिकटायला जागा सापडत नाही. बाकी साऱ्या मेल्या की तिचीच पिलावळ उरते. हे टाळण्यासाठी 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी दिली जायची. ते बियाणं शेताच्या कडेने लावायचं होतं. त्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या असत्या, त्यांचे पतंग बिघाडवाल्या पतंगांशी जुळले असते, आणि पुढच्या पिढीला एका पालकाकडून का होईना, शाबूत कॅडहेरिन मिळालं असतं. कितीतरी शेतांत ती पुडी बांधावर फेकली गेली. त्याचा दोष शेतकऱ्यावर टाकायला मी तयार नाही. अळ्यांना मुद्दाम जगवण्यासाठी जमीन का अडवायची, याचं कारण पेशीच्या भाषेत कुणी सांगितलंच नसेल, तर शहाणा माणूस ती पुडी फेकणारच.

किती आणि किती दिवस, हे प्रश्नही तसेच राहिले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवून दिलं की हे प्रथिन झाडात सगळीकडे सारखं नसतं. पानांत सर्वांत जास्त, आणि जिथे खरी गरज, त्या बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात अपुरं. झाड 110 दिवसांचं झालं की ते ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमच्या खाली उतरतं. आपल्याकडे लांब मुदतीचे संकरित वाण, त्यावर फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक). म्हणजे झाडात प्रथिन कमी होत जातं तेव्हाही गुलाबी अळीला बोंडं मिळतच राहतात. अळीला प्रतिकार शिकवायची याहून चांगली शाळा नाही. गुजरातेत 2009 च्या हंगामात क्राय1एसीला न जुमानणारी गुलाबी अळी नोंदली गेली. 2006 पासून बाजारात आलेल्या, दोन प्रथिनांच्या दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही पुढे ती पुरून उरली, आणि 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या बोंडांत सरकीऐवजी भुसा आणि कवडी कापूस निघाला. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बिगरबीटीचे पट्टे नेमाने राखले, नंतर नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि 2018 साली तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. प्रथिन तेच होतं.

इथे तुरीकडेही पाहायला हवं. तुरीच्या दाण्यात निसर्गतःच अशी प्रथिनं असतात जी ट्रिप्सिनच्या त्या सेरीनपाशीच जाऊन अडकून बसतात आणि पचन रोखतात. किडीविरुद्ध झाडाची ही जुनी तटबंदी. आपण डाळ शिजवतो तेव्हा उष्णतेने त्यांची घडी मोडते, म्हणून वरण पचतं. घाटेअळी मात्र कच्चा दाणा खाऊनही तरते, कारण या अडथळ्यांना दाद न देणारी ट्रिप्सिनं ती जास्तीची बनवते. प्रथिन विरुद्ध विकर हा सामना कुठल्याही कंपनीच्या जन्माआधीपासून शेतात चालू आहे, आणि त्यात कायमचा विजय कुणालाच मिळालेला नाही.

बीटी थकलं आणि फवारणी वाढली. 2017 सालीच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. फवारणीत वापरल्या जाणाऱ्या औषधांचा एक मोठा गट ऑरगॅनोफॉस्फेटचा, आणि त्याचं लक्ष्य पुन्हा एक सेरीनच आहे. आपल्या नसा स्नायूंना ॲसिटिलकोलिन सोडून निरोप देतात. निरोप पोचला की तो पुसावा लागतो. ते काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज करतं; त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो निरोप पुसतो, तेही आपल्या खाचेतल्या एका सेरीनच्या जोरावर. ऑरगॅनोफॉस्फेट त्या सेरीनला घट्ट चिकटतं. निरोप पुसला जात नाही. लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. कीटकातही हेच घडतं, माणसातही हेच, आणि शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेल्या फवाऱ्याने शेडमधल्या रेशीम अळ्या मरतात तेव्हाही हेच. बीटीला माणसात बसायला जागा नव्हती. या विषाला प्रत्येकात आहे.

ॲट्रोपिन लक्षणं आवरतं. प्रालिडॉक्सिम हे औषध सेरीनवर बसलेलं विष उचलून काढू शकतं, पण काही तासांत तो बंध असा पक्का होतो की मग ते निघत नाही. म्हणून दवाखान्यात पोचायला उशीर नको, आणि औषधाची बाटली किंवा तिचं वेष्टन सोबत न्यायला हवं, म्हणजे विष कोणत्या गटातलं आहे ते डॉक्टरला लगेच कळेल.

एक गोष्ट त्याही आधी करता येते. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची चाचणी साधी आहे. विषबाधेची लक्षणं दिसण्याआधीच विकराचं काम किती घटलंय ते तिच्यात दिसतं. कॅलिफोर्नियात अशी औषधं नेमाने हाताळणाऱ्या शेतमजुरांची ही तपासणी 1974 पासून सक्तीची आहे. आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की माणसाला फवारणीवरून काढतात आणि तो पूर्ववत होईपर्यंत दुसरं काम देतात. पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणारा घनसावंगीचा किंवा भोकरदनचा मजूर स्वतःच्या शेतात नसतो, रोजावर असतो, आणि चक्कर आली तरी सांजेपर्यंत थांबत नाही. त्याच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात ही चाचणी व्हावी: एकदा जूनमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, त्याचा स्वतःचा मूळ आकडा कळावा म्हणून, आणि एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात, फवारणी ऐन भरात असताना. आकडा खाली आला असेल तर त्या आठवड्याची त्याची मजुरी रोजगार हमीतून निघावी.